घर, बाग, पाहुणे सांभाळून हातातली कला कशी जपता?

अबोली, देवगड

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायचंच ठरवलं.

माहेर माझं सावंतवाडी. कॉलेजात असताना गंजिफा रंगवायला शिकले. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, असं. ही कला संपत आली होती, ती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात पुन्हा उभी केली.

लग्न होऊन देवगडात आले. कलमांची बाग, सासूसासरे, दोन मुलं, शिवाय पतसंस्थेत अर्ध्या दिवसाची नोकरी. एक अख्खी दशावतारी गंजिफा स्वतःच्या हाताने करायची असं मनात धरलं, तेव्हा मोठा पाळण्यात होता. तो आता सातवीत गेला. रंग ट्रंकेत आहेत. काढले की कोणीतरी हाक मारतं, आणि परत येईपर्यंत वाटीतला रंग सुकलेला असतो.

"वेळ मिळत नसतो, काढायचा असतो" हे मला तोंडपाठ आहे, ते कृपया कोणी लिहू नका. नोकरी, शेती, मासळी, घर असं काहीही सांभाळून जे गातात, लिहितात, रंगवतात त्यांनी नेमकं काय करता तेवढं सांगा. कुठल्या वेळी, कुठे बसून, आणि तेव्हा घरचं कोण बघतं.

चाकरमानी, डोंबिवली

ताई, पहाटे पाच. मी कथा लिहितो. पाच ते साडेसहा, मोबाईल दुसऱ्या खोलीत, रोज. त्यानंतर लोकल, ऑफिस, सगळं आहेच. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत कादंबऱ्या लिहीत राहिले, त्यांना काय वेळ उतू जात होता? शिस्त लागते. बाकी सगळ्या सबबी.

कोकम_सरबत, वेंगुर्ला

एप्रिलमध्ये देवगडात पहाटे पाचला काय चाललेलं असतं ते एकदा येऊन बघा हो दादा. आणि येणारच आहात म्हणा, मे महिन्यात, पोराबाळांसकट. चुलीवरच्या घावण्यांसाठी.

चाकरमानी, डोंबिवली

घावण्यांवरून बोलू नका, काळजाला लागतं. बरं, एप्रिल-मे सोडून सांगतो असं समजा.

पायपेटी, कुडाळ

बाय, माझा काय ता सांगतंय. दिवसभर वायरिंगची कामा, आणि भजनात पेटी. पावसात लाईट गेली काय पयलो फोन माका. तरी रोज रात्री जेवल्यावर पंधरा-वीस मिनटा पेटी उघडतंय. हात एकदा आखडलो काय सोडवूक म्हयनो जाता. येळ गावना नाय म्हणान बसलंय असतंय तर आज डबलबारीक, म्हणजे भजनाच्या सामन्याक, कोणी उभो केल्यान नसतो.

पुढचं शुद्ध मराठीत लिहितो, मालवणी न कळणाऱ्यांची तक्रार नको. रोज थोडं हा एक मार्ग झाला. पण आमच्याकडच्या दशावतारी नाटकवाल्यांचा मार्ग वेगळा आहे. पावसात ते शेतकरी. लावणी, बेणणी, कापणी सगळं उरकतं, तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू, आणि मग पाऊस तोंडावर येईपर्यंत रात्रीमागून रात्री नाटक. वेगळी तालीम म्हणून नसतेच. लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता आख्यान कोणतं, कोण राजा, कोण राक्षस हे ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहूनच सुचतात. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असं त्यांच्याबद्दल म्हणतात ते उगाच नाही, एके काळी हे लोक सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जायचे. त्यांनी रोजचा तास शोधलाच नाही. वर्षाचा एक तुकडा कलेला दिला, उरलेला शेतीला. तुझ्या बागेचंही वर्ष ठरलेलं आहे. त्यात तुकडा कुठे निघतो ते बघ.

निवृत्त_बाई, दापोली

पायपेटी, वर्णन सुरेख आहे, पण अर्धंच आहे. राजा रात्रभर जत्रेत असतो तेव्हा पहाटे म्हशीचं दूध कोण काढतं? मुलाला ताप आला तर आरोग्य केंद्रात कोण नेतं? दशावतारात स्त्रीपात्रंसुद्धा पुरुषच रंगवतात. सीता, तारामती रात्री रंगमंचावर रडून लोकांना रडवून जातात, आणि त्यांच्या घरच्या बायका त्या वेळी उद्याच्या न्याहारीचे तांदूळ भिजत घालत असतात. मला त्या कलावंतांबद्दल आदरच आहे. हातावर पोट असताना त्यांनी ही कला टिकवली. पण वर्षाचा तुकडा त्यांना कोणीतरी कापून दिलाय, हे सांगायला नको का?

तीस वर्षं मराठी शिकवलं मी. नोकरी सांभाळून लिहिणं एक, आणि नोकरी, घर, गोठा, सासर सांभाळून लिहिणं दुसरं. डोंबिवलीच्या दादांनी पाच ते साडेसहा सांगितलं, साडेसहाला त्यांच्यासमोर चहा कोणी ठेवला ते नाही सांगितलं.

अबोली, तू प्रश्नात शेवटी विचारलंस ते सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. घरचं कोण बघतं?

चाकरमानी, डोंबिवली

बाई, चहा बायकोच करते. टोमणा पोचला.

पायपेटी, कुडाळ

खरा बोललात. माझ्या पेटीच्या वेळेक बायल भांडी घासता. त्याच्यावर माझ्याकडे काय उत्तर नाय.

वस्तीची_गाडी, गुहागर

मी एसटीत वाहक. जाखडी नाचाची गाणी लिहितो. त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष सवाल-जवाब करतात, मी तुरेवाल्यांच्या बाजूने. वस्तीची ड्युटी लागते तेव्हा लिहितो. रात्री शेवटच्या गावात गाडी लावली, हिशोब केला, डबा खाल्ला की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. रेंज नसते. चालक घोरतो. घरी असलो की एक ओळ होत नाही, कारण घरी मी बाप असतो, मुलगा असतो, भाऊबंदकीतला एक सातबारा असतो.

पण खरं कारण रात्र नाही. श्रावण लागला की शाहिराचा फोन येतो, समोरच्या शक्तीवाल्यांनी गेल्या साली असा असा सवाल टाकला होता, जवाब पाहिजे, गणपतीच्या आत पाहिजे. मंडळाची पोरं मुंबईहून यायची असतात, चाल बसवायची असते. आता नाही कसं म्हणणार? माझ्यासाठी म्हणून लिहायचं असतं तर एव्हाना वहीला वाळवी लागली असती. तुमच्या गंजिफेची कोणी वाट बघतंय का?

अबोली, देवगड

कोणीच नाही. घरात तर कोणाला माहीतही नाही की मी १२० पानांचा विचार करतेय. त्यांना वाटतं मी फावल्या वेळात "काहीतरी चित्रं" काढते.

बाई, तुमच्या प्रश्नावर रात्री आंब्याच्या पेट्या भरताना विचार करत होते. उत्तर सोपं आहे. मी बसते तेव्हा घरचं कोणीच बघत नाही, म्हणून तर हाक येते.

रापण, मालवण

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. लोकांना वाटतं दोन महिने आम्ही झोपून असतो. जाळी सांधायची असतात, इंजिन खोलायचं असतं, होडी शाकारायची असते. त्यातच मी होड्यांवर नावं रंगवतो. एकट्याला बसायला कधीच मिळत नाही, चार पोरं अंगावर पडूनच बघतात. सवय झाली. "श्री" पहिल्यांदा काढायचं, मग पुढची अक्षरं आपोआप नीट येतात.

शाळेवाला, कणकवली

बरं झालं धागा वर आला. माझी गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. वडिलांची होती, आता मी बघतो. बाकीचं वर्ष हार्डवेअरचं दुकान.

अबोली, तू वेळेचा विचार करतेस, मी कामाचा सांगतो. आमच्याकडे लोक आपापला पाट आणून देतात, त्या पाटावरच गणपती व्हायचा असतो. एका गणपतीत सात-आठ प्रकारची कामं. माती मळणं, अंग उभं करणं, हात-सोंड जोडणं, पाणी लावून घासणं, पांढरा हात मारणं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. यातलं घासकाम मी गिऱ्हाइकाशी बोलत बोलत करतो. पितांबराचा सपाट रंग माझा दहावीतला मुलगा मारतो, क्रिकेटची कॉमेंटरी ऐकत. डोळे मात्र मी रात्रीच आखतो. रात्री हात जास्त स्थिर असतो असं काही नाही. दिवसा कोणीतरी पाट घेऊन दारात येतं आणि "काय मग, यंदा पाऊस" म्हणून सुरू होतं, आणि बुबुळ एकदा तिरपं गेलं की तो गणपती वर्षभर माझ्या डोक्यात तिरपा बघत राहतो.

सांगायचं म्हणजे, सगळ्या कामाला निवांतपणा लागत नाही. तुझ्या गंजिफेत पण असंच असेल. मोडता येणारं काम वेगळं काढ, न मोडता येणारं वेगळं. मग वेळ शोध. दोन्हीला एकच वेळ शोधत बसशील तर जन्मात मिळायची नाही.

अबोली, देवगड

शाळेवाले दादा, हे वाचून मी खरंच कागद घेऊन बसले.

एका संचात एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून ५५ चित्रं होतात. दहा संचांची ५५०. ही सगळी बारकी बारकी, तीच तीच. मासा म्हणजे पाठीचा एक फटकारा, पोटाचा एक, शेपटीचे दोन, आणि रंग सुकल्यावर काळा ठिपका डोळ्याचा. हात बसला की मासा कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये होतो. आठव्या माशावर हाक आली तर आठव्यावर उठता येतं, नववा नंतर काढला म्हणून कोणाला कळणार नाही.

उरली राजा-प्रधानाची २० पानं. ती मात्र मोडता येत नाहीत. राजाचा चेहरा तांदळाएवढा असतो, त्यात भुवई. शिवाय पार्श्वभूमीचा रंग एका दमात लागला नाही तर ओल्या-सुक्याची कड दिसते.

म्हणजे मी इतकी वर्षं वीस पानांना लागणाऱ्या वेळेची वाट बघत शंभर पानं अडवून ठेवली होती.

कोकम_सरबत, वेंगुर्ला

हे भारी आहे. माझं एक पुरवणीचं. मी विणकाम करते, त्यात काही सुकत नाही म्हणून मला सोपं, पण एक सांगते, मांडामांड आणि आवराआवर यातच अर्धा वेळ जातो. तुझी ट्रंक हीच मुळात अडचण आहे. कधी पिंगुळीला जाऊन ये, कुडाळजवळच आहे. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठा! आपण म्हणतो वेगळी खोली हवी, उत्तरेचा उजेड हवा. तुझ्याकडे आंब्याची अढी घालायची खोली असेल ना? पावसात ती रिकामीच असते.

अबोली, देवगड

आहे. आणि पावसात रिकामी असते हेही खरं. पण पावसाचीच तर पंचाईत आहे. जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात मला सवड, आंबा संपलेला, पाहुणे गेलेले. आणि नेमकं तेव्हाच काही सुकत नाही. गोल चकत्यांना चिंचोक्याची खळ लावून ठेवली तर पापडासारख्या वाकतात, चार दिवसांनी वर बुरशी. दुपारी तीनला दिवा लावावा लागतो आणि तोही असला तर.

शाळेवाला, कणकवली

आमचा सगळा सीझनच पावसातला, मला नको सांगू. श्रावणात ओला गणपती आणि दारात गिऱ्हाईक. आम्ही मोठे बल्ब लावतो, फारच अडलं तर कोळशाची शेगडी लांबून फिरवतो. तुझी पानं एवढीशी. पण त्यापेक्षा पावसात रंगवूच नको. पावसात हात चालव. जुन्या वर्तमानपत्रावर नुसता कुंचला आणि काळा रंग. मासे, कासवं, परशू, काढत बस. पेन्सिलचे खाके करून ठेव. आठ महिन्यांनी मी पहिला गणपती करतो त्याचे कान दर वर्षी जरा जाडेच होतात. पायपेटी म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरं, हात आखडतो.

रंगकाम तुळशीच्या लग्नानंतर. हवा कोरडी, ऊन चांगलं. देवगडात तेव्हा फवारण्या असतील, पण त्या काही तू करत नसशील.

अबोली, देवगड

फवारण्या हे आणि गडी करतात. गड्यांचं जेवण मी करते. तरी आंबा उतरायला लागेपर्यंत दिवाळीनंतरचे दिवस बरे असतात हे मान्य. मार्चपासून मेअखेर मात्र माझं नाव घेऊ नका.

निवृत्त_बाई, दापोली

कॅलेंडर छान झालं. आता वीस पानांचं काय? त्यांना न मोडणारे दोन-तीन तास हवेत, आणि ते कॅलेंडरातून निघत नाहीत, कोणाच्या तरी अंगावरून निघतात. नवऱ्याशी बोललीस का? "मला वेळ मिळत नाही" असं मोघम नको. "अमुक वारी संध्याकाळी चार ते सात मी अढीच्या खोलीत आहे, त्या वेळचा स्वयंपाक आणि धाकट्याचा अभ्यास तुमच्याकडे" असं. मोघम मागितलं की मोघमच मिळतं.

चाकरमानी, डोंबिवली

बाईंशी सहमत. आणि एक, मी तुमची पहिली वाट बघणारी व्यक्ती होऊ का? मत्स्याचा संच झाला की फोटो इथे टाकायचा. गणपतीच्या आधी नको, पावसात सुकत नाही हे आता मलाही कळलं. दत्तजयंतीपर्यंत.

वस्तीची_गाडी, गुहागर

एक नंबर. शाहिराचा फोन म्हणतात तो हाच. दत्तजयंतीला मी विचारणार.

अबोली, देवगड

बोलले. गुरुवारी संध्याकाळी, कारण गुरुवारी पतसंस्थेतून लवकर सुटते. हे लगेच हो म्हणाले, इतक्या लगेच की मलाच जरा राग आला. गेले दोन गुरुवार घरात पिठलं-भात झाला. सासूबाई काही बोलत नाहीत, पण ताट जरा जोरात ठेवतात. धाकटा दर अर्ध्या तासाने दाराशी येऊन "झालं?" विचारतो आणि जातो. दाराला आतून कडी लावायचा धीर अजून होत नाही. बाई, यावर तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे.

रोजच्या माशांचं मात्र छान जमतंय. रंग आता वाटीत नाही, शिंपल्यात घेते. एका शिंपल्यात एकच रंग, वर ओल्या फडक्याची घडी. उठून गेलं तरी तासभर टिकतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत फळी ठोकून घेतली, ट्रंक बंद. सध्या वर्तमानपत्रावरच, दादा म्हणाले तसं. राशिभविष्यावर कासवं फिरताहेत.

निवृत्त_बाई, दापोली

कडी लाव.

पायपेटी, कुडाळ

पिठल्यात वायच कोकम घालूक सांग त्येंका. आणि माझ्याकडची बातमी, पेटीची वेळ मी भांडी झाल्यावर केलंय. भांडी दोघा मिळान घासतंव. बायल म्हणता आता पेटी उशिरा वाजता म्हणान झोप येना नाय. घ्या.

कोकम_सरबत, वेंगुर्ला

अबोली, चकत्या कशाच्या करणारेस? आणि खळ आत्ताच करून ठेवू नकोस, वर बुरशीचं म्हणालीस म्हणून विचारते.

अबोली, देवगड

पुठ्ठ्याच्या, कागद थरावर थर चिकटवून. चिंचोके भाजून, सालं काढून, रात्रभर भिजवून वाटायचे आणि शिजवायचे, माहेरी असंच करायचो. खळ दिवाळीनंतरच करीन. चिंचोके मात्र गेल्या उन्हाळ्यातले डबाभर आहेत, सासूबाईंनीच चिंच फोडताना वेगळे काढून ठेवले होते. कशासाठी ते विचारलं नाही.

शाळेवाला, कणकवली

खळीत चिमूटभर मोरचूद टाक, म्हणजे बुरशी आणि कसर दोन्ही लागत नाही. बुकबाईंडिंगवाले टाकतात तेच. चिमूटभरच. विष आहे ते, धाकटा दाराशी येतो म्हणालीस तर डबी वरच्या फळीवर, आणि ढवळायची काठी स्वयंपाकघरातली नको.